शाळा संकुल म्हणजे शाळाबंदी नव्हे

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निरोप फिरतोय: ‘शाळा संकुलं आली, आता छोट्या शाळांना कुलूप.’ हे चूक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातलं संकुल म्हणजे एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा, अंगणवाड्यांसकट. शाळा आपापल्या जागी राहतात. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगीत-खेळाचे शिक्षक सगळ्यांचे होतात. दोन शिक्षकांच्या शाळेतल्या पोरांना गाणं कोण शिकवणार? मला तर हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कल्पना जुनीच, कोठारी शिक्षण आयोगाची (१९६४-६६). आपल्या मध्य प्रदेशात जनशिक्षा केंद्रांशी, म्हणजे आसपासच्या शाळांना मदत आणि देखरेख करणाऱ्या केंद्रांशी, शाळा आधीपासून जोडलेल्या आहेतच. शाळांचं विलीनीकरण हा वेगळा निर्णय; त्याबद्दल शंका असेल तर शाळेत जाऊन थेट विचारा.