काळा पडदा लावला म्हणून घर थंड होत नसतं राव

'डोंगरावर घर आहे? मग हे वाचाच!' हा मेसेज मला चार-पाच ग्रुपवर आला, गप्प बसलो. आता साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या आमच्या आत्यानं तो वाचून घरभर काळे ब्लॅकआउट पडदे लावून घेतलेत, म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो, काळा रंग ऊन शोषतो म्हणून ते खोलीत येत नाही, घर 10 डिग्री थंड. अहो मग शोषलेलं ऊन जातं कुठं? पडदा काचेच्या आत आहे, ऊन काचेतनं आत आलंय, पडदा तापतो आणि धग खोलीतच सोडतो. सकाळी साडेनऊला मी काच आणि पडद्याच्या मधे हात घातला तर भाकरी उतरल्यावर तव्याजवळ धरल्यागत, आणि वरच्या फटीतनं गरम हवा थेट तोंडावर. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं, खिडकीला बाहेरनं कापडी छत टाकलं तर उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतनं येणारी उन्हाची उष्णता 77 टक्क्यांपर्यंत कमी होते, दक्षिणेच्या 65. बरं, पडदे अगदीच वाया नाहीत, हे मान्य. मध्यम रंगाचा, मागं पांढरं प्लास्टिक अस्तर असलेला पडदा 33 टक्के अडवतो असं तेच खातं म्हणतं. पांढरं अस्तर! काळं नव्हे.

'पश्चिम आधी झाका.' आत्याच्या घरामागं पश्चिमेला डोंगरच आहे, दुपार कलली की ऊन त्याच्या आड. तिला छळतं ते सातारा शहराकडनं येणारं सकाळचं. पाचगणीत पश्चिमेला दरी असली की सगळं उलटं. डोंगर कुठल्या अंगाला ते तरी बघा.

'छज्जा असला की बास.' दक्षिणेला बास, कारण आपल्याकडं डिसेंबरातही भर दुपारी सूर्य 49 अंशांवर असतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन आडवं, छज्ज्याखालनं सरळ आत.

'दोरी लांब ठेवा, पोरांनाही ओढता येते.' हे ज्यानं लिहिलं त्याला काय म्हणावं! ब्लाइंडच्या दोरीचा फास बसून लहान पोरं गेलीत. दोरी वर गुंडाळून ठेवा, खिडकीखाली पाळणा नको.

आत्या म्हणते, "अरे पण मामांना दुपारी झोप मस्त लागते." लागणारच, अंधार आहे. म्हणून बेडरूमचा पडदा ठेवलाय. बाकी पूर्वेच्या खिडक्यांना बाहेरनं बांबूचे चिक लावतोय, खालनं बांधायला कड्या मारून, नाहीतर तिथला वारा ते खाली साताऱ्यात पोचवेल.