रक्ताची पिशवी आणि डॉ. बेथ्यून

ब्लड बँकेच्या बाकावर बसून टाइप करतोय. क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त पेशंटशी जुळतंय का ते तपासायला, पाऊण तास लागेल म्हणाले. मित्राची आई तालुक्याच्या गावी ॲडमिट आहे, हिमोग्लोबिन चारवर आलंय, आणि तिथं सांगितलं, रक्ताची सोय तुम्ही करा. तुम्ही म्हणजे कोणी? ज्याची आई पडून आहे त्यानं? सोलापुरात ज्याचं कोणीच नाही त्यानं काय करायचं? दुपारपासून डोकं फिरलंय.

पंधरा वर्षांपूर्वी हेच झालेलं. ताईची डिलिव्हरी, ब्लीडिंग थांबेना, रात्रीचे साडेअकरा, आणि मी जीपमध्ये मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन सत्तर किलोमीटर. झाकणाला चिकटपट्टी, आत बर्फ, आणि प्रत्येक खड्ड्याला मी डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरायचो.

आपल्या डॉ. कोटणीसांबद्दल तुम्हाला सांगायला नको. सोलापूरचा पोरगा, १९३८ मध्ये चीनला गेला, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेला, वय ३२. पण ते ज्या हॉस्पिटलचे डायरेक्टर होते त्याचं नाव किती जणांना माहितीय? बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटल. आपण कोटणीसांवर भाषणं करतो आणि त्या दारावरच्या नावाशी येऊन थांबतो.

नॉर्मन बेथ्यून. कॅनडाचा, ओंटारिओतल्या ग्रेव्हनहर्स्टचा, जन्म १८९०. छातीचा सर्जन. स्वतःला टीबी झाला, त्यातून उठला, मग माँट्रियलमध्ये टीबीचे पेशंट बघता बघता त्याच्या लक्षात आलं की पैसेवाला बरा होतो आणि गरीब बरा होऊन त्याच खोलीत परत जातो आणि परत आजारी पडतो. बेकारांना फुकट तपासायचा. उपचार सरकारनं सगळ्यांना द्यावेत म्हणून १९३६ मध्ये डॉक्टर-नर्सेसना गोळा करून मागणी केली. कोणी ऐकलं नाही.

त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि हा माद्रिदला गेला. तिथं त्यानं बघितलं की जखमी सैनिक मागच्या हॉस्पिटलपर्यंत आणेआणेतो रक्त जाऊन वाटेतच मरतायत. मग शहरातल्या लोकांकडून रक्त घ्यायचं, गोठू नये म्हणून सायट्रेट घालून बाटल्यांत भरायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि गाडीत घालून आघाडीपर्यंत न्यायचं. पेशंटनं रक्ताकडे जायचं नाही, रक्तानं पेशंटकडे जायचं. १९३६! आणि मी त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मांडीवर डबा घेऊन बसलेलो, आणि आज परत बसणार आहे.

मान्य, बार्सिलोनात दुरान नावाचा स्पॅनिश डॉक्टर त्याच्याही आधी हे काम करत होता. आणि बेथ्यून माणूस म्हणून अवघड, तापट, एकाच बाईशी दोनदा लग्न आणि दोनदा घटस्फोट. असेल. स्पेनमधल्या मालागा शहरातून युद्धामुळे पळणारी माणसं रस्त्यावर दिसली तेव्हा यानं रक्ताची गाडी रिकामी केली आणि दिवसरात्र पोराबाळांना वाहून अल्मेरियाला पोचवलं, मला तेवढं पुरे आहे.

१९३८ मध्ये जपानशी लढणारा चीन. खेचरांवर ऑपरेशनचं सामान लादून डोंगरातल्या गावागावांत. १९३९ च्या एका लढाईत ६९ तासांत ११५ ऑपरेशनं. गावातले लोक रक्त द्यायला घाबरायचे तर आधी स्वतःचं दिलं. शेतकऱ्यांच्या पोरांना ड्रेसिंगपासून शिकवलं. आणि शेवटी काय, ऑपरेशन करताना बोट कापलं, हातात ग्लोव्ह्ज नव्हते, जखमेत विष भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला गेला. ४९ वर्षांचा होता. चीनमध्ये पोराटोरांना त्याचं नाव माहीत होतं, आणि कॅनडानं त्याला अधिकृत मान दिला तो १९७२ मध्ये. कम्युनिस्ट होता ना! पक्ष कुठला ते आधी बघायचं, जीव किती वाचवले ते नंतर. याचा मला फार म्हणजे फार राग येतो.

कोटणीस आणि बेथ्यून कधी भेटलेच नाहीत. बेथ्यून गेला आणि काही महिन्यांनी कोटणीस त्याच्या जागी कामाला आले. आज दोघंही चीनमधल्या शिज्याच्वांग शहरात एकाच स्मशानभूमीत आहेत. सोलापूरचा माणूस आणि ग्रेव्हनहर्स्टचा माणूस. हे लिहितानाच घसा दाटून आला.

त्या रात्री मी पोचलो तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. हातातून डबा घेतला, चिकटपट्टी दातानं तोडली आणि आत पळाल्या. ताई वाचली. तिची मुलगी यंदा दहावीला आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एक चालू फ्रीज, त्यात चार पिशव्या आणि रात्री ती पिशवी लावणारा एक माणूस. एवढंच मागतोय. आता म्हणाल सरकारी डॉक्टरांवर किती लोड असतो, असतोच, त्यांच्यावर राग नाहीच माझा.

खिडकीतून मित्राच्या आईचं नाव पुकारलं. दोन पिशव्या मिळाल्या. निघतो, बर्फ घ्यायचाय अजून.