‘सॅबोटाज’चा खलनायक? मारिओ काल्दातोबद्दल फिरणाऱ्या गोष्टीला उत्तर

न्यूयॉर्कच्या बीस्टी बॉइज या बँडचं ‘सॅबोटाज’ हे १९९४चं गाणं अनेकांनी ऐकलं असेल. त्याच्याबद्दल एक गोष्ट हातोहात पुढे पाठवली जाते. ती साधारण अशी: हे गाणं बँडने आपल्याच रेकॉर्डिंग इंजिनियरवर, मारिओ काल्दातो ज्युनियरवर, संतापून लिहिलं, कारण तो त्यांच्या कामात खोडा घालत होता. मग त्याला आणखी शेपट्या जोडल्या जातात. इंजिनियर म्हणजे काय, बटणं फिरवणारा माणूस. ते संगीत तरी कुठे त्यांचं, दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे चोरलेले तुकडे. आणि हा काल्दातो ब्राझीलचा म्हणे, पण जन्मापुरताच. बीस्टी बॉइजची साथ सुटली आणि तो संपला.

यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त घातक. बाकीच्या टिकतच नाहीत. मी नाटकांना आणि गाण्याच्या कार्यक्रमांना साउंड देतो, मिक्सरमागे वीस वर्षं गेली. हे वाचून मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

आधी ‘सॅबोटाज’. गाण्याचे शब्द काल्दातोला उद्देशून आहेत हे खरं. बँडच्या दोघांनी, मायकल डायमंड आणि अ‍ॅडम होरोविट्झ यांनी, २०१८ साली आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्यात होरोविट्झनेच ते सांगितलं आहे. पण काय सांगितलंय? आम्हा तिघांचं कशावरच एकमत होत नव्हतं. कुठलं गाणं कधी आणि कसं पुरं करायचं हे ठरत नव्हतं. मारिओ वैतागायचा, ओरडायचा, काहीतरी एक पुरं करा म्हणायचा. मग गंमत म्हणून आपण असं गाणं लिहू की हा मारिओच आपल्या थोर कलाकृतींचा घात करतोय. म्हणजे ती थट्टा होती, घरातल्या माणसाची करतात तशी. थट्टेतला राग खरा मानायचा आणि थट्टा गाळून टाकायची, हे वाचन नव्हे.

आणि ज्या ‘इल कम्युनिकेशन’ अल्बममध्ये ते गाणं आहे, त्याचा निर्माता म्हणून बँडच्या शेजारी नाव कोणाचं आहे? मारिओ काल्दातो ज्युनियर. त्याला शिव्या घालणारा तो आरडाओरडा लोकांपर्यंत नीट पोहोचला, तो त्याच्याच कामामुळे. त्याने खरंच घात केला असता तर १९९८च्या ‘हेलो नॅस्टी’ अल्बमपर्यंत बँडने त्याला सोबत ठेवलं नसतं. तालमीत रात्री अकरा वाजता “बास, हाच टेक ठेवू या” म्हणणारा माणूस त्या घटकेला सगळ्यांचा नावडता असतो. तो नसेल तर मात्र अल्बम निघत नाही, नुसत्या टेप साठत जातात.

आता “बटणं फिरवणारा”. काल्दातो लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये साउंड लावत लावत वर आला. डीजे मॅट डाइकशी त्याची गाठ पडली, आणि डाइकच्या राहत्या घरात मांडलेल्या सामानावर त्याने रॅपची रेकॉर्डिंग केली. टोन लोक या रॅपरचा ‘लोक्ड आफ्टर डार्क’ त्यातलाच. १९८९ मध्ये तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. मोठ्या स्टुडिओचा आधार नसताना असा आवाज काढणाऱ्याला कान लागतात.

१९९२च्या ‘चेक युअर हेड’ अल्बमच्या वेळी बँडने पुन्हा स्वतःची वाद्यं हातात घेतली. डायमंड ड्रमवर, बँडमधला तिसरा अ‍ॅडम यॉक बेसवर, होरोविट्झ गिटारवर. कीबोर्डवर मनी मार्क, जो सुतारकाम करायचा आणि मोडलेलं फाटक दुरुस्त करायला आला होता. त्याला आणलं काल्दातोनेच. काम चाललं लॉस एंजेलिसच्या अ‍ॅटवॉटर व्हिलेज भागातल्या ‘जी-सन’ या जागेत. हा जुना नाचाचा हॉल. आत बास्केटबॉलची रिंग, स्केटबोर्डसाठी लाकडी उतार. अशा मोकळ्या, घुमणाऱ्या जागेत ड्रम रेकॉर्ड करायचे म्हणजे माइक कुठे ठेवायचा यावर निम्मं काम ठरतं. वीतभर इकडेतिकडे झालं की ठेका बोथट होतो. आपल्याकडे तबल्याला माइक लावणाऱ्या कुणालाही विचारा, डग्ग्याच्या माइकसाठी तो किती वेळ घालवतो ते.

बँडच्या गाण्यातल्या आवाजाची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. हजारो डॉलरचे माइक बाजारात असताना त्यांनी गायनासाठी कॅराओकेचे स्वस्त, प्लॅस्टिकचे माइक वापरले. ज्यांना हा आळस किंवा अडाणीपणा वाटतो, त्यांनी जरा कान द्यावा. अशा माइकमधून खर्ज फारसा येत नाही आणि वरचं तेजही येत नाही. मधला पट्टा तेवढा कर्कशपणे, कर्ण्यातून यावा तसा येतो. खाली बेस आणि ड्रमनी सगळी जागा भरलेली असली की भरदार, गुळगुळीत आवाज त्यात बुडतो. हा मधल्या पट्ट्यातला फाटका आवाज मात्र सगळ्यातून आरपार निघतो, लेव्हल फार न वाढवता. गावच्या जत्रेत कर्णा अर्ध्या कोसावरून कळतो, तो याच कारणाने. चांगला माइक कोणीही भाड्याने आणतो. कुठल्या गाण्याला वाईट माइक हवा, हे ओळखणं ही या कामातली खरी विद्या आहे.

चोरीच्या आरोपाबद्दल थोडक्यात. बँडचा १९८९चा ‘पॉल्स बुटीक’ अल्बम जुन्या रेकॉर्डच्या शेकडाभर तुकड्यांवर उभा आहे. ते निवडण्याचं श्रेय मुख्यतः डस्ट ब्रदर्स ही निर्मात्यांची जोडी आणि डाइक यांचं. काल्दातो तिथे इंजिनियर होता. पण “जोडलं की झालं” हे कोणी प्रयत्न न करताच म्हणू शकतं. त्या काळच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्डचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, तुकड्याचा वेग वाढवला की पट्टीही चढायची. दोन वेगळ्या लयींच्या, दोन वेगळ्या पट्ट्यांच्या रेकॉर्ड एकत्र नांदवायच्या तर कुठेतरी एकाला झुकवावं लागायचं, आणि ते झुकणं कानाला खटकू द्यायचं नाही. कायद्याचं म्हणाल, तर ‘चेक युअर हेड’मधल्या ‘पास द माइक’ गाण्यात जेम्स न्यूटन यांच्या बासरीचा सहा सेकंदांचा तुकडा आहे. रेकॉर्डिंगचा परवाना बँडने १,००० डॉलर देऊन घेतला होता. मूळ रचनेचा घेतला नव्हता. न्यूटन कोर्टात गेले. २००३ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला, की तीन सुरांचा एवढा लहान वापर म्हणजे रचनेच्या हक्काचं उल्लंघन नव्हे. न्यूटन यांना वाईट का वाटलं हे मला समजतं. पण परवाना काढून घेतलेल्या तुकड्याला चोरी म्हणता येत नाही.

राहिला ब्राझील. काल्दातो १९६१ साली साओ पाउलोत जन्मला आणि अगदी लहानपणी आईवडिलांबरोबर लॉस एंजेलिसला गेला. “जन्मापुरता” म्हणणाऱ्यांनी पुढची यादी बघितलेलीच नाही. १९९७ मध्ये त्याने रिओच्या प्लॅनेट हेम्प या बँडचा अल्बम केला. गांजाला कायदेशीर करा म्हणून गाणाऱ्या या पोरांना त्याच वर्षी राजधानी ब्राझिलियात कार्यक्रमानंतर अटक झाली होती. त्याच बँडचा मार्सेलो डी-दोइस पुढे रॅप आणि सांबा एकत्र आणू लागला, तेव्हा २००३च्या त्याच्या अल्बमवरही निर्माता म्हणून काल्दातो होता. २००७ मध्ये त्याने केलेले रेसिफे शहरातल्या नासाओ झुंबी या बँडचा ‘फोमी जी तुदू’ आणि गायिका व्हानेसा दा माताचा ‘सिं’ हे अल्बम आले. दुसऱ्याला पुढच्या वर्षी लॅटिन ग्रॅमी मिळाला. अमेरिकेतही जॅक जॉन्सनचे अल्बम चालूच होते. सुपर फरी अ‍ॅनिमल्स या वेल्सच्या बँडचा २००५चा अल्बम तर स्पेनमध्ये रेकॉर्ड होऊन मिक्सिंगला रिओत आला. संपलेल्या माणसाचं काम असं दिसत नाही.

मला यातला सर्वांत जवळचा अल्बम सेउ जॉर्जचा, २००१चा ‘सांबा एस्पोर्ते फिनो’. सेउ जॉर्ज रिओजवळच्या गरीब वस्तीत वाढला, काही काळ रस्त्यावर राहिला. ‘सिटी ऑफ गॉड’ या सिनेमामुळे जग त्याला ओळखू लागलं ते २००२ मध्ये. काल्दातोने त्याचा हा अल्बम केला तो त्याच्या आधी, चेहरा प्रसिद्ध नसताना.

सांब्यात सुर्दू नावाचा मोठा ढोल असतो आणि त्याचा भार दोन मात्रांतल्या दुसऱ्या मात्रेवर पडतो. फंक आणि हिप-हॉपमध्ये खर्जाचा ठोका पहिल्या मात्रेवर. ही दोन्ही वळणं एका गाण्यात आली की खालच्या सुरांची मारामारी होते आणि स्पीकरमधून नुसता गोंगाट येतो. हा अल्बम फोनच्या स्पीकरवर नको, बऱ्यापैकी हेडफोन लावून ऐका. बेसवर लक्ष ठेवा, आणि मग सेउ जॉर्जचा घोगरा, जड आवाज त्याच्या किती जवळ बसलाय आणि तरी कुठेच त्यात मिसळत नाही, ते ऐका.