पाच तारखेचा चहा

दर महिन्याच्या पाच तारखेला मी घरभाडं द्यायला खालच्या मजल्यावर जातो आणि तीन तासांनी वर येतो. पैसे मोजायला दीड मिनिट लागतं. बाकी सगळा चहा.

शिंचू हे तैवानातलं, संगणकाच्या चिप बनवणाऱ्यांचं गाव. १९८० मध्ये इथे सायन्स पार्क सुरू झालं, त्यातल्याच एका इमारतीत मी नोकरी करतो. हिवाळ्यात वारा असा सुटतो की वाळत घातलेला बनियन शेजारच्या गल्लीत जाऊन शोधावा लागतो. घरमालक पंचाहत्तरीचे. सगळी गल्ली त्यांना आकोंग, म्हणजे आजोबा, म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या पत्नी म्हणजे आमा. "भाडं खात्यावर पाठवतो," असं पहिल्याच महिन्यात मी सुचवलं होतं, तर आकोंगचा चेहरा असा पडला की जणू लग्नाला न येता मी आहेर तेवढा पोस्टाने पाठवतोय.

"लिम ते!" दार उघडतानाच ते म्हणतात. चहा घे. तैवानी बोलीत चहा म्हणजे 'ते', मँडरिनमध्ये 'चा'. इंग्रजांनी 'ते' उचलून टी केलं, आपल्याकडे 'चा'चा चहा झाला. रत्नागिरीला आमच्या आळीत अजून 'च्या'च म्हणतात, त्यामुळे उच्चारात आम्ही बिनचूक. पण साम्य तिथेच संपतं.

आकोंगचं टेबल म्हणजे देवघर. फळ्यांचं लाकडी तबक, खाली पाणी जायला नळी, मुठीएवढी किटली आणि तबकात बसलेला एक मातीचा बेडूक. चहाच्या पानांच्या मिऱ्याएवढ्या टणक गोळ्या किटलीत पडतात, वरून उकळतं पाणी, आणि ते पहिलं पाणी सरळ त्या बेडकाच्या डोक्यावर! आमच्याकडे पहिल्या कपासाठी भावंडांत मारामारी, इथे बेडकाला अभिषेक. मग दुसरं पाणी. ते आधी उंच, अरुंद पेल्यात, नुसता वास घ्यायला. पेला चहाच्या कपात पालथा करायचा आणि रिकामा नाकाला लावायचा.

"कसला वास?" आकोंग विचारतात.

पहिल्या खेपेला मी "चहाचा" असं खरं उत्तर दिलं. खोलीत शांतता पसरली. आता मी "फुलांचा" म्हणतो. पास होतो.

कप म्हणजे तीर्थाची पळी. दोन घोटांत संपतो आणि संपला की भरतो. दूध नाही, साखर नाही, आलं तर नाहीच. तेवढ्याच पानांवर सहा-सात वेळा पाणी पडतं. आपल्याकडे वापरलेल्या पावडरीवर पुन्हा पाणी घातलं तर पाहुणा गावभर सांगत सुटेल. इथे तिसरं पाणी सर्वांत चांगलं मानतात, आणि खोटं कशाला बोलू, असतंही. तोवर किटलीत त्या गोळ्यांची अख्खी पानं झालेली असतात, देठासकट, ओल्या कढीलिंबासारखी. कडा तांबूस, मधला भाग हिरवा. या चहाची, म्हणजे ऊलाँगची, सगळी मेख त्यात आहे, असं आकोंग एक पान चिमटीत उलगडून दाखवतात. पानं उन्हात मरगळू द्यायची, मग हलवून हलवून कडा ठेचायच्या, म्हणजे तिथून रंग चढायला लागतो, आणि तो अर्ध्या वाटेत असतानाच तापल्या भांड्यात परतून थांबवायचा. हिरवा राहिला नाही, काळा झाला नाही. नावाचा अर्थ मात्र 'काळा ड्रॅगन'.

एका पाच तारखेला मला खरंच घाई होती. उठता येईना, "पुरे" म्हणायचा धीर होईना, म्हणून अस्वस्थपणे टेबलावर दोन बोटं वाजवत बसलो. आकोंग प्रसन्न हसले आणि कप भरला. मी पुन्हा वाजवली, पुन्हा कप भरला. अकराव्या कपानंतर आमांच्या नातीने समजावलं की बोटांनी टेबल वाजवणं म्हणजे 'आभारी आहे'. चीनचा एक बादशहा म्हणे वेष पालटून फिरताना स्वतःच नोकराला चहा ओतू लागला. नोकराला उठून मुजरा करता येईना, म्हणून त्याने बोटांनीच दंडवत घातला. म्हणजे अकरा वेळा मी दंडवत घालून आणखी मागत होतो. त्या रात्री अडीच वाजता मी छताचे कोपरे मोजत होतो, ते चारच होते.

पुढे जागरणाने तोंड आलं. आमांनी जीभ बघितली आणि निदान केलं, "आग वाढलीय." परदेशात येऊन मी जे ऐकलं ते माझ्या आईचं वाक्य होतं: उष्णता झालीय! मग थेट ताइपेला, लाँगशान देवळालगतच्या बोळात. दोन्ही बाजूंना दुकानांत ओल्या-सुक्या पाल्याचे ढीग, मोठी पातेली आणि काळा कुळकुळीत 'कडू चहा'. आईचा किराईताचा काढा चुकवायला मी लहानपणी माळ्यावर लपायचो. इथे माळा नव्हता, आणि आमांनी पैसे आधीच दिले होते. हाँगकाँगचा सहकारी म्हणाला, हे काहीच नाही, आमच्या काढ्याचं नाव 'चोवीस चवी'. मी प्यायलोय. चव एकच आहे.

जानेवारीत आकोंगनी ठेवणीतला डबा काढला. जवळच्या बेइपूचा, मधाचा वास येणारा ऊलाँग. आणि त्याचं कारण सांगितलं, ज्याने मी कप खाली ठेवला. या चहाच्या पानांना तुडतुडे चावावे लागतात. चावलं की झाड सुगंधी द्रव्यं सोडतं. म्हणून फवारणी करत नाहीत. गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याचा मळा तुडतुड्यांनी खाल्ला, तरी त्याने तो चहा शहरात नेला आणि भरमसाट भावाने विकला. गावात कुणाला खरं वाटेना, म्हणून नाव पडलं 'थापाड्याचा चहा'.

आमची हापूसची चाळीस कलमं. तुडतुडा हे नाव आमच्या घरात जेवताना काढत नाहीत. तिथूनच अण्णांना फोन लावला. "किडके पाले विकतो आणि भाव जास्त घेतो?" त्यांनी तीनदा विचारलं. मग फोन ठेवला. दहा मिनिटांत फोटो आला: मोहर, चिकट काळी पडलेली पानं आणि दाटीने बसलेले तुडतुडे. खाली लिहिलं होतं, "म्हाताऱ्याला विचार, याचं काय देतो."

आकोंगनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"छान धरलेत," ते म्हणाले. "पण हे चहाचं झाड नाही."

मी हसण्याच्या भरात कप रिकामा केला होता. त्यांनी किटली उचलली.