आमच्याकडे अजून २००९ चालू आहे

सकाळी सात वाजता, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत "हल्लेखोर तुमचे पासवर्ड चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात" असं वाक्य समोर आलं की माणूस आधी मागे वळून बघतो. मीही बघितलं. मागे आई शेंगा फोडत बसली होती.

पडद्यावर लाल त्रिकोण, त्रिकोणात उद्गारचिन्ह आणि खाली ठसठशीत अक्षरांत "तुमचे कनेक्शन खाजगी नाही". मला फक्त विजेचं बिल भरायचं होतं. माझं बिल चोरून ते भरणारा हल्लेखोर कुणी असेल तर त्याचं स्वागतच होतं, पण तशी सोय त्या पानावर दिसेना.

मग बँकेची साइट उघडली. तोच त्रिकोण. मेल उघडला, तोच. शेवटी पंचांगाची साइट उघडून पाहिली, तर तिथेही हल्लेखोर टपलेले. संकष्टीचा चंद्रोदय चोरून ते काय करणार होते कोण जाणे.

"अहो, मोबाइलवरून भरू का मी?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"नको," मी म्हणालो. मोबाइलवरून बिल भरलं की मला भरल्यासारखं वाटतच नाही. बिल कसं खुर्चीत बसून, चष्मा लावून, पावती छापून, पावतीला भोक पाडून फाइलला लावून भरायचं असतं. त्यासाठी तर २०१२ साली हा संगणक घेतला. हॉलच्या कोपऱ्यात, कालनिर्णयच्या बरोबर खाली त्याचं टेबल आहे. ही जागा लक्षात ठेवा, पुढे माझी शोभा करायला ती उपयोगी पडणार आहे.

इंटरनेटवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करायला सांगितलं. मी ते इमानदारीने केलं. हल्लेखोर तीस सेकंद थांबले आणि परत आले.

मग एका मित्राला गाठलं. हा निवृत्त होईपर्यंत एका कचेरीच्या संगणक विभागात होता, म्हणजे त्याची खुर्ची त्या विभागात होती. तो म्हणाला, "अपडेट टाकलं नसशील. अपडेट टाक, सगळं सुरळीत होतं." अपडेटचं बटण दाबलं. गोल गोल ठिपके फिरले, फिरले आणि एक क्रमांक तोंडावर फेकून बंद पडले. दुधाच्या बिलाच्या पाठीवर तो उतरवून घेतला आणि मित्राला वाचून दाखवला.

"शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, सात, दोन, एफ, आठ, एफ."

"शेवटचा एस की एफ?"

"एफ. फणसातला."

"फणसात एफ कुठे असतो?"

या मुद्द्यावर आमचा फोन संपला.

चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला आहेत. सुट्टीत घरी आले की पुण्यातली राहिलेली झोप सांगलीत पुरी करतात. अकराला उठले, माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं आणि डोळे चोळत विचारलं, "बाबा, आज तारीख किती?"

"एकोणीस मे."

"याच्या मते आज १ जानेवारी २००९ आहे."

मी बघितलं. खरंच होतं. एवढंच नाही, तर सकाळी सात वाजता मी जेव्हा तो सुरू केला, तेव्हा त्याच्या घड्याळात मध्यरात्र नुकतीच उलटली होती. त्याचे अक्षरशः बारा वाजले होते. आणि त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर कालनिर्णय लटकत होतं. मे महिन्याचं पान, एकोणीसवर आईने पेनने केलेली 'गॅस' अशी नोंद.

"पण तारखेचा आणि चोरांचा काय संबंध?"

तेव्हा चिरंजिवांनी समजावून दिलं ते असं. प्रत्येक साइट आपलं एक प्रमाणपत्र घेऊन दारात येते. त्यावर ती कोण, तिला हा दाखला कोणी दिला आणि तो कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे लिहिलेलं असतं. पूर्वी दोन-तीन वर्षांचे दाखले मिळायचे. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे देऊ लागले. 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची एक ना-नफा संस्था ते फुकट देते, पण नव्वद दिवसांचे. आणि २०२९ पर्यंत ही मुदत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. आमच्या पेपरवाल्याला महिनाभराने बिल द्यायचं लक्षात राहत नाही, आणि हे लोक जगातल्या साइटींना दीड महिन्याने नवे दाखले वाटणार.

तर हा आमचा संगणक २००९ च्या दारात उभा. समोरून बँक येते, तिच्या हातात यंदाचा ताजा दाखला. हा चष्मा सरसावून वाचतो, "वैध दिनांकापासून..." आणि बघतो तर तो दिनांक यायला अजून डझनभराहून जास्त वर्षं आहेत! ज्याचा जन्मच झालेला नाही तो माणूस जन्मदाखला घेऊन दारात उभा. याने दार आपटून घेतलं आणि घरात येऊन ओरडला, चोर आलाय. बँक भामटी, मेल भामटा, पंचांग भामटं. अपडेटसुद्धा असल्याच दाखल्यावर येतं म्हणून तेही भामटं. सगळं जग खोटं आणि हा एकटा खरा. आमच्या नात्यात असे एक काका आहेत, पण ते निदान बिल भरू देतात.

बरं, याच्या त्रिकोणाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, तिच्यात 'डेट' हा शब्द स्पष्ट होता. मी चार तासांत 'हल्लेखोर' बावीस वेळा वाचलं आणि ती ओळ एकदाही नाही.

"सोपंय," चिरंजीव म्हणाले, "इंटरनेटवरून वेळ घेऊ दे त्याला." तशी व्यवस्था आहे म्हणे. संगणकांनी एकमेकांना वेळ कशी विचारायची आणि उत्तर वाटेत यायला लागला तेवढा उशीर कसा वजा करायचा, याचे नियम डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८५ साली लिहून ठेवले. तेव्हापासून जगभरची यंत्रं एकमेकांना "किती वाजले हो?" विचारत असतात. चिरंजिवांनी बटण दाबलं. संगणक विचारात पडला आणि त्याने जो निरोप दिला, तो मी पुन्हा दुधाच्या बिलावर उतरवून ठेवलाय. मतलब असा: तुमची तारीख जुळत नसल्याने, सुरक्षेच्या कारणास्तव, वेळ जुळवता येत नाही. कृपया आधी तारीख दुरुस्त करा.

म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

याचंही कारण आहे. फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला की ही यंत्रणा आपणहून हात लावत नाही. कुणीतरी लबाडीने भलतीच वेळ चिकटवत असेल अशी शंका घेते. पाच मिनिटं मागे पडलेल्याला ती हात देते आणि दीड दशक मागे पडलेल्याला सांगते, तू स्वतः चालत ये.

आई इतका वेळ ऐकत होती. म्हणाली, "आमच्या बाबांच्या वेळी मुंबईत दोन टाइम होते. कुणी भेटायला बोलावलं की विचारायचे, स्टँडर्ड टाइम की बॉम्बे टाइम?" तिला वाटलं असंच काहीतरी चाललंय. चिरंजिवांनी मोबाइलवर शोधलं, तर आजीचं खरं निघालं. देशाला १९०६ मध्ये एक प्रमाणवेळ मिळाली तरी मुंबईने स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. "मग? एवढ्याशा वेळेवरून कुणी कुणाला चोर म्हणत नव्हतं," असं म्हणून आई टरफलं गोळा करून आत गेली.

हाताने तारीख घातली. त्रिकोण गायब. बँक सज्जन झाली, मेल सज्जन झाला. तेव्हाच बिल भरायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल आणि घरातल्या प्रत्येकाने सांगितलंही आहे. पण मला वाटलं, आधी ते अपडेट एकदाचं होऊन जाऊ दे, मग स्वच्छ संगणकावर शांतपणे बिल भरू. अपडेट सुरू केलं. इतक्या दिवसांचं तुंबलेलं, ते काय लगेच उतरतंय? दुपार गेली, संध्याकाळ गेली. रात्री साडेनऊला निळ्या पडद्यावर "६२ टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका" असं दिसत होतं. मी समाधानाने झोपलो.

रात्री वळीव आला. सांगलीतला मे महिन्यातला वळीव म्हणजे आधी वारा, मग धूळ, मग पत्रे, मग पाऊस आणि या सगळ्यांच्या आत विजा. सकाळी उठून बघतो तर संगणक बंद. सुरू केला. "बदल पूर्ण करता आले नाहीत. बदल मागे घेत आहोत." तासभर तो मागे घेत होता, ६२ टक्क्यांवरून परत एकेक पायरी उतरत होता. आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर १ जानेवारी २००९.

असं तीन दिवस चाललं. संध्याकाळी आम्ही त्याला चालू काळात आणून सोडायचो आणि सकाळी तो आपल्या माहेरी परत गेलेला असायचा. मधल्या काळात मी सोसायटीला गच्चीच्या गळतीबद्दल एक पत्र छापून दिलं. तारीख संगणकाने आपोआप घातली. सचिवांनी लेखी उत्तर पाठवलं की आपले १ जानेवारी २००९ चे पत्र मिळाले, विलंबाबद्दल दिलगीर आहोत, तथापि त्या वेळी इमारतीचे बांधकाम झालेले नव्हते.

एका दुकानात फोन केला. तो म्हणाला, "जुनं झालंय, बदलून टाका." मी पन्नाशीचा आहे, डॉक्टर माझ्या गुडघ्यांबद्दल हेच म्हणतात.

चौथ्या दिवशी चिरंजिवांनी पोलिसी तपास हाती घेतला. "सुरू करताना आधी काय येतं?"

"काही नाही, नेहमीचंच. काळा पडदा येतो, इंग्रजीत काहीतरी एरर म्हणतो आणि एफ१ दाबा म्हणतो. मी दाबतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

त्याने कपाळाला हात लावला. तो काळा पडदा सहा महिने रोज सांगत होता की माझ्या आतलं घड्याळ थांबलंय, आणि मी दारातल्या माणसाला "बरं बरं, या" म्हणावं तसा एफ१ दाबून पुढे जात होतो.

"आणि रात्री भिंतीवरचं बटण कोण बंद करतं?"

हॉलमध्ये शांतता पसरली. मग आतून आवाज आला, "मी. का? वीज पडली तर त्या डब्याचे पैसे कोण देणार?"

सगळा उलगडा झाला. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बंद संगणकालाही चिमूटभर वीज मिळत असते आणि त्यावर त्याचं घड्याळ चालतं. बटण बंद झालं की ते घड्याळ एका नाण्याएवढ्या सेलवर जगतं. आमचा सेल २०१२ पासूनचा. तो दिवाळीतच वारला होता.

"म्हणजे मेला सेल आणि नाव माझं," आई म्हणाली.

डबा उघडला. आत पंख्यावर धुळीची गोधडी आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्याची दोन कवचं. सेल एका पत्र्याच्या चिमट्याखाली बसला होता. नखाने निघेना, तेव्हा आईने अंबाड्याचा आकडा काढून दिला. टचकन उडाला आणि सोफ्याखाली गेला. तो हुडकायला आणखी वीस मिनिटं.

हरभट रोडला एक घड्याळजी बसतात. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच सेल वाचला. "सीआर २०३२. वीस म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, बत्तीस म्हणजे तीन पॉइंट दोन जाड. तीन व्होल्ट. कॉम्प्युटरचा ना?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? "त्यातही घड्याळच असतं हो. क्वार्ट्झचा खडा, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तुमच्या मनगटावर आहे त्यातही तेवढाच." चाळीस रुपये घेतले. माझं मनगटावरचं घड्याळही सात मिनिटं मागे होतं, तेवढं त्यांनी जाता जाता फुकट लावून दिलं.

नवा सेल बसवला. तारीख घातली. आईने सगळ्यांदेखत भिंतीवरचं बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं आणि चालू केलं. काळा पडदा आला नाही. सवयीने माझं बोट एफ१ वर गेलंच आणि 'मदत' नावाची एक खिडकी उघडून विचारू लागली, आपल्याला काय हवे आहे? सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

मी चष्मा लावला, फाइल घेतली, पावतीला भोक पाडायचं यंत्र जवळ ओढलं आणि विजेच्या बिलाची साइट उघडली. त्रिकोण नाही, चोर नाही. ग्राहक क्रमांक टाकला. क्षणभर ठिपके फिरले आणि ओळ उमटली: देय रक्कम शून्य.

"अहो, पहिल्याच दिवशी भरलं मी," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुमच्याकडे तेव्हा २००९ चालू होतं, म्हटलं कशाला मध्येच सांगा."