दोन मणके आणि एक नाव : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

मध्यजीव महाकल्पातील (म्हणजे डायनोसॉरांच्या काळातील) तुटक जीवाश्मांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपला आक्षेप थोडक्यात असा आहे, की एखादा मणका किंवा दाढ हाती लागताच संशोधक नवा प्राणी जाहीर करतात, पुढे दुसरे कोणी ते नाव बाद ठरवतात, आणि म्हणून हे सारे विज्ञान कमी व कल्पनाविलास अधिक आहे.

जबलपूरचे उदाहरण आपणच दिले आहे. ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना १८२८ मध्ये तेथे मिळालेल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून जीवाश्मशास्त्रज्ञ लायडेकर यांनी १८७७ मध्ये एका डायनोसॉरला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. समोरून खोलगट आणि मागून फुगीर असा मणका त्या काळी वेगळेपणाची खूण वाटणे स्वाभाविक होते. पुढे तशाच घडणीचे मणके असलेले अनेक प्राणी इतरत्र सापडले, आणि विल्सन व अपचर्च या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की ही खूण आता एका जातीची राहिलेली नसून एका मोठ्या गटाची झाली आहे. नाव बाद झाले ते पुरावा वाढल्यामुळे; मणक्याचे वर्णन खोटे ठरले नाही. बराच काळ हरवलेला त्यांतील एक मणका २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात पुन्हा सापडला, त्यामुळे कोणालाही तो आजही तपासता येतो.

हाड किती मिळाले यापेक्षा कोणते मिळाले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सस्तन प्राण्याच्या दाढेवरील उंचवटे आणि खाचा इतक्या नेमक्या असतात की बरगड्यांच्या ढिगाऱ्यापेक्षा एक दाढ अधिक सांगून जाते. हैदराबादजवळच्या नस्कल येथे, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळातून मिळालेल्या इवल्याशा दातांवरून प्रसाद आणि साहनी या संशोधकांनी १९८८ मध्ये ‘डेक्कनोलेस्टिस’ या छोट्या सस्तन प्राण्याचे वर्णन केले. आपल्या मते हाही अंदाजच. पण पुढे याच प्राण्याची म्हणून घोट्याची आणि हातापायांची हाडे ओळखली गेली, त्यांवरून तो झाडांवर वावरत असावा असे अनुमान निघाले, आणि त्याच्या नात्यागोत्याची चर्चा दातांच्या पलीकडे गेली. अंदाज असा नव्या हाडांसमोर उभा करता येतो, म्हणूनच त्याला विज्ञानात जागा आहे.

पूर्ण सांगाडा मिळाला म्हणजे वाद मिटतो, असेही नाही. आपल्या मुंबईतल्या वरळीचे जीवाश्म बेडूक पाहा (ते मध्यजीव महाकल्प संपल्यानंतरचे मानले जातात, म्हणून मूळ लेखात आले नाहीत). त्यांचे सांगाडे बऱ्यापैकी जुळलेले असूनही जीवाश्मशास्त्रज्ञ ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना बेडकांच्या ‘राना’ या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले, १९३० मध्ये नोबल यांनी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही स्वतंत्र प्रजाती केली, आणि त्यांच्या कुळाबद्दल मतभेद त्यानंतरही राहिले.

एका ठिकाणी मात्र आपली शंका मला रास्त वाटते. तमिळनाडूतील कल्लमेडू येथील ‘ब्रुहत्कायोसॉरस’ आधी मांसाहारी डायनोसॉर म्हणून जाहीर झाला, नंतर लांब मानेच्या शाकाहारींत गणला गेला. त्याच्या हाडांचा तर चुरा झाला असून आता उरली आहेत ती रेखाटने आणि छायाचित्रे. तरीही त्याचे वजन शंभर टनांहून अधिक असल्याचे अंदाज प्रसिद्ध होतात आणि बातम्यांचे मथळे त्यांवरच पोसले जातात. तो प्राणी प्रचंड होता हे मानायला माझी हरकत नाही, पण जे हाड पुन्हा मोजता येत नाही त्यावर बेतलेला टनांचा आकडा माझ्या लेखात नव्हता आणि पुढेही नसेल.