बायपासनंतर हात हलवायचे की नाही?

बायपास झालेल्या माणसाच्या घरी हा मेसेज हमखास येतो: ‘तीन महिने हात वर नेऊ नका, खोकला दाबा, गोळ्यांच्या यंत्रात जोरात फुंका, नाहीतर छातीतल्या तारा तुटतील.’ (ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड कापतात आणि मग या तारांनी बांधतात.)

‘जोरात फुंका’: साफ उलटं. तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या या यंत्रात, श्वास आत ओढायचा असतो. (यंत्र पालथं धरून फुंकलं तरी गोळ्या उठतात, म्हणून ही चूक घरात कुणाच्या लक्षात येत नाही.) दुखतं म्हणून पेशंट वरवरचा श्वास घेतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग, बहुधा डावीकडचा, मिटतो. तो उघडतो आत ओढलेल्या श्वासाने. ताठ बसा, श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश ओढा. तिन्ही गोळ्या झटक्यात वर आपटण्यापेक्षा एकच गोळी 2-3 सेकंद वर टिकलेली बरी. जागेपणी दर तासाला 10 वेळा, मध्ये विसावा घेत. चक्कर आली तर घाई होतेय असं समजा.

‘खोकला दाबा’: दाबलेला कफ आतच साचतो, मग न्यूमोनियाची भीती. उशी किंवा टॉवेलची घट्ट गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळा, तोंड उघडं ठेवून दोनदा ‘हाऽ’ करत श्वास सोडा आणि मग खोका.

‘हात वर नेऊ नका’: यात अर्धं खरं आहे. छातीचं कापलेलं हाड धरायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. तोवर वजन उचलणं, ढकलणं, ओढणं नको. पण हात अंगाशी बांधून ठेवले की खांदे आखडतात. सर्जनने मनाई केली नसेल तर खांदे मागे गोल फिरवा, 5 ते 10 वेळा. मग दोन्ही हातांची बोटं गुंफून, श्वास घेत हात हळू वर न्या आणि सोडत खाली आणा. जखमेवर ताण जाणवला की तिथेच थांबा. श्वास कोंडून जोर लावू नका.

खरा घात एका हाताच्या ओढीत आहे: पलंगाची कड धरून उठणं, किंवा नातेवाइकाने काखेत हात घालून उचलणं. त्याने हाडाच्या दोन बाजूंवर असमान ताण येतो. त्याऐवजी उशी कवटाळून कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि त्या झोकाने उठा. मदतनीसाने पाठीला आधार द्यावा.

खोकताना किंवा वळताना छातीत ‘कट्’ वाजलं, हाड सरकल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर हाताचे व्यायाम बंद करून त्याच दिवशी सर्जनला दाखवा.